भट्टीवरच्या कारागिराला ऐकू येत नाही: लाइट की व्हायब्रेट होणारं घड्याळ?

जळगावकडच्या शेवभाजी-भरीतवाल्या हॉटेलात ऑर्डर ओरडूनच सांगतात, मग ऐकू न येणाऱ्या कारागिराने काय करायचं? ऑर्डरसाठी बेल असेल तर तिच्या वायरवर, बेल वाजली की लागेल असा लाइट जोडून घेणं स्वस्त पडतं, फक्त तो कढईच्या समोर हवा, पाठीमागे लावला तर फुकट, आणि फोडणीच्या धुराने चिकट होतो म्हणून रोज पुसायचा. ऑर्डर आली की मनगटावर व्हायब्रेट होणारं घड्याळ असलं, तर तोंड कुठेही असलं तरी कळतं, पण बडगीत (भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यात) भरीत ठेचताना हाताला एवढे दणके बसतात की व्हायब्रेशन जाणवतच नाही, आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी थापायला बसलं की पिठामुळे ते काढूनच ठेवावं लागतं. 2016 चा दिव्यांग कायदा समान संधीचं धोरण करा म्हणतो, मालक मात्र खर्च विचारतो. माझं मत भट्टीवाल्याला लाइट, टेबलं फिरणारा वेटरही ऐकू न येणारा असेल तर त्याला घड्याळ, आणि ऑर्डर दोघांनाही चिठ्ठीवर लिहूनच द्या.