दोन चाकं, चार चाकं की सरळ टेम्पो? बोट रस्त्यावर काढण्याआधी

मालवणजवळच्या देवबागच्या चुलतभावाने यंदा १७ फुटी फायबरची बोट घेतली. दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला. "दादा, ट्रेलर दोन चाकांचो घेव की चार चाकांचो? की ट्रेलरच नको, टेम्पो सांगू?" मी विचारलं, "आधी ह्या सांग, बोट खंय खंय नेतलंस?" तर घरापासून खाडीपर्यंत दीड किलोमीटर, ते जवळजवळ रोज. पावसाआधी एकदा रत्नागिरीला, इंजिनाच्या कामासाठी. आणि जमलं तर दिवाळीच्या सुट्टीत गुहागरला.

अशी तुलना लोक किमतीपासून सुरू करतात. मी ट्रेलरच्या डुलण्यापासून करतो, कारण ते मी एकदा गाडीच्या आरशात पाहिलंय.

मित्राची बोट उसन्या ट्रेलरवरून रत्नागिरीकडे नेत होतो. पुढे बोलेरो, मागे दोन चाकांचा ट्रेलर. राजापूरच्या अलीकडच्या उतारावर, वेग पासष्टच्या आसपास. एक लक्झरी बस अगदी खेटून पुढे गेली आणि तिच्या हवेने ट्रेलर हलला. पहिला हेलकावा लहान होता, दुसरा मोठा, तिसऱ्याला बोलेरोचा मागचा भागही सरकायला लागला. आरशात बोट कधी डावीकडून डोकावायची, कधी उजवीकडून. शेजारचा मित्र ओरडला, "ब्रेक मार!" मी मारला नाही. त्यात शहाणपण काही नव्हतं, घाबरून हातपाय गोठले होते. रेसवरचा पाय उचलला गेला, स्टिअरिंग सरळ धरून बसलो, वेग उतरला तसं डुलणं थांबलं. योगायोगाने नेमकं तेच बरोबर होतं. त्या क्षणी जोरात ब्रेक दाबला असता तर गाडी थांबू पाहते आणि बिनब्रेकचा ट्रेलर मागून ढकलत राहतो. मग दोघं घडीच्या चाकूसारखे मिटतात. स्टिअरिंग उलटसुलट फिरवून हेलकावे मारायला गेलं तर आपणच त्यांना झोके देतो. "रेस दे, खेचून सरळ होतो" असं सांगणारेही भेटतात. उतारावर हा सल्ला कोणी ऐकू नये, कारण वेग हेच डुलण्याचं खाद्य आहे.

पुढे चहाच्या टपरीवर उतरून पाहिलं. सत्तर-पंचाहत्तर किलोचं इंजिन बोटीच्या मागच्या फळीला लटकलेलं. पेट्रोलचे दोन कॅन आणि नांगर मागेच, कारण तिथे ठेवायला सोपं. खालचं बूच लावलेलं, त्यामुळे आदल्या रात्रीच्या पावसाचं पाणी आत साठलेलं. चढाला ते मागे धावायचं. आणि ट्रेलर बनवणाऱ्याने चाकं चौकटीच्या बरोबर मध्यावर बसवलेली, जणू चिरे वाहायचे आहेत. बोट म्हणजे चिरे नव्हेत. तिचं वजन मागे असतं, म्हणून चाकंही मागे सरकवावी लागतात.

ट्रेलरचा दांडा गाडीच्या बॉलवर, म्हणजे मागच्या हुकाच्या गोळ्यावर, किती वजनाने टेकतो, इथे सगळी मेख आहे. ट्रेलर आणि माल मिळून जेवढे किलो, त्याच्या १० ते १५ टक्के भार बॉलवर हवा. तो कमी असला तर वजनाचा मध्य चाकांकडे किंवा चाकांच्या मागे गेलेला असतो, आणि एका ठरावीक वेगानंतर प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो. जास्त झाला तर गाडीची पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही ढिले पडतात. युरोपात याहून कमी भार चालवून घेतात, पण तिथे ट्रेलरला वेगमर्यादाही कडक आहे. जर्मनीत साधारण ८० किलोमीटर. आपण कुठे ऐंशीने जातो, असं कोणी म्हणेल. खरं आहे. पण आपल्याकडे डायव्हर्जन अचानक येतं, समोरून डंपर येतो आणि मोकळ्या पुलावर खाडीचा वारा आडवा लागतो. मी १० टक्क्यांच्या खाली जात नाही. गाडीच्या हुकाची कमाल मर्यादा मात्र मॅन्युअलमध्ये बघून ठेवावी, ती ओलांडू नये.

आता चाकं. चार चाकांचा ट्रेलर, म्हणजे एकामागे एक दोन आस, रस्त्यावर नक्कीच जास्त ताठ चालतो. दोन्ही आसांचे टायर मिळून शेपूट आडवं सरकायला विरोध करतात, म्हणून तो डुलायला उशिरा सुरुवात करतो. एक टायर फुटला तरी बाजूला घेण्याइतका वेळ मिळतो. दोन चाकांच्या ट्रेलरचा टायर वेगात फुटला तर तेवढी उसंत नसते. कसालहून महामार्गाला लागून खारेपाटण, संगमेश्वर, चिपळूण असा पल्ला महिन्यातून एकदा मारणारा असाल, किंवा फोंडा, करूळ, आंबोली यांपैकी एखादा घाट चढून बोट वर न्यायची असेल, तर पुढचं वाचायची गरज नाही, चार चाकांचाच घ्या. पण म्हणून माल कसाही टाकायची मुभा मिळत नाही. वजन मागे टाकलं तर चार चाकंही डुलतात, फक्त जरा जास्त वेगाला.

पण हाच ट्रेलर देवबागच्या वाडीत आणून बघा. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, मध्ये रिक्षा जाईल एवढी वाट आणि नेमक्या वळणावर माड. तिथे दोन चाकांचा ट्रेलर हुकातून सोडून तिघांनी हाताने फिरवता येतो. चार चाकांचा जागच्या जागी वळत नाही. टायर रस्त्यावर घासत फरपटतात. उतरणीवरून रिव्हर्समध्ये पाण्यापर्यंत नेताना मात्र तोच सावकाश वळतो म्हणून नवख्याला बरा पडतो. दोन चाकांचा आखूड ट्रेलर पापणी लवायच्या आत आडवा होतो.

खाऱ्या पाण्याचं गणित वेगळंच. लांबून आल्यावर हब, म्हणजे चाकांचे बेअरिंग असलेले मधले भाग, तापलेले असतात. ते तसेच पाण्यात घातले की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून खारं पाणी आत ओढलं जातं. मग ग्रीस दुधाळ होतं, बेअरिंग गंजतं आणि पुढच्या खेपेला चाक तापून वास येतो. उपाय सोपा: पाण्यात घालण्याआधी हाताला कोमट लागेपर्यंत हब निवू द्यायचे, नंतर गोड्या पाण्याने धुवायचे. चार चाकं म्हणजे हेच काम चार वेळा. रोज पाण्यात घालणाऱ्याला हा फरक किमतीपेक्षा जास्त टोचतो.

ब्रेकचा मुद्दा चाकांपेक्षा मोठा मानतो मी. भरलेल्या ट्रेलरचं वजन गाडीच्या वजनाच्या निम्म्याच्या पुढे जात असेल तर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. इनर्शिया ब्रेक गाडीचा वेग कमी झाला की दांड्याच्या रेट्याने आपोआप लागतात. साधे, वायरिंग नाही. पण लांब उतारावर ते सतत घासत तापतात, म्हणून उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकायचा. इलेक्ट्रिक ब्रेकचा मोठा फायदा असा की डुलायला लागल्यावर हातातल्या कळीने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावता येतात. ट्रेलर मागे ओढला जातो आणि सरळ होतो. डुलण्यावर याहून चांगला इलाज नाही. मात्र समुद्राच्या पाण्यात बुडणाऱ्या ट्रेलरला वीज आणि मॅग्नेट किती काळ पुरतील, ते आपल्या किनाऱ्यावर गंजलेले बोल्ट पाहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. डुलणं रोखणारी घर्षणाची दांडी परदेशात वापरतात. ती रिव्हर्सच्या आधी काढावी लागते आणि निसरड्या रस्त्यावर सैल करावी लागते. कोकणात ती वर्षातले चार महिने गाडीतच राहील.

टेम्पोबद्दल थोडक्यात. जे मागे जोडलेलंच नाही ते डुलणार कसं? मात्र १७ फुटांची बोट लहान पिकअपवर बाहेर लोंबते. १९ फुटी ट्रक सांगावा, इंजिन काढून वेगळं ठेवावं, खाली जुने टायर घालावेत आणि चढवायला-उतरवायला दोन्ही टोकांना आठ-दहा माणसं जमवावीत. वर्षातून एक-दोन खेपांसाठी हे ट्रेलरपेक्षा स्वस्त आणि शांत झोपेचं काम आहे. शिवाय कागदांची कटकट नाही. ट्रेलरला आरटीओत स्वतःची नोंदणी लागते, आणि हे वेल्डिंगवाला सहसा सांगत नाही.

भावाला मी सांगितलं ते असं: दोन चाकांचा घे, इनर्शिया ब्रेकसह, रत्नागिरीला ट्रक सांग, गुहागरचं पुढच्या वर्षी बघू. त्याने ऐकलं, पण अर्धंच. रत्नागिरीलाही ट्रेलरनेच जायचं म्हणतो. मग म्हटलं, साठच्या वर जायचं नाही, निघण्याआधी टायर थंड असतानाच त्यांची हवा बघायची, ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या साखळ्या दांड्याखालून फुलीसारख्या अडकवायच्या, बूच काढून ठेवायचं आणि आत्ताच्या आत्ता दांड्याचं वजन करायचं.

मासळी तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा आणला. सपाट जागेवर ट्रेलर उभा केला, काट्यावर लाकडाचा ठोकळा रचून बॉलच्या उंचीला दांडा टेकवला. बोट, इंजिन, कॅन आणि ट्रेलर मिळून साधारण ७०० किलो होते, म्हणजे काट्यावर किमान ७० हवेत. आकडा आला ३१. बोटीची मागची फळी शेवटच्या रोलरच्या बाहेर फूटभर लटकत होती. बोट ओढून घ्यायच्या विंचच्या खांबाचे यू-बोल्ट सैल केले, खांब एक फूट पुढे घेतला, बोट ओढून फळी रोलरवर आणली आणि पुन्हा काटा पाहिला. ७१. भाऊ म्हणाला, "एका फुटात चाळीस किलो?" आणि उठून पेट्रोलचे कॅनही पुढे नेऊन ठेवले.