पंप बिघडला आणि चेहरा सुधारला? (सौम्य क्लेन्झर, सहा महिने वापरून)

खरं तर मला एक स्टार देऊन दोन ओळींत विषय संपवायचा होता. ज्या दिवशी पंप बसला त्याच दिवशी अर्धा रिव्ह्यू टाइप पण केला होता, मग राहून गेला आणि बरं झालं राहून गेला, कारण आता नक्की किती स्टार द्यायचे तेच मला कळत नाहीये. ब्रँडचं नाव घेत नाही, त्यांच्याशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही. फेस न होणारं, वास नसलेलं, पांढरट, २५० मिलीच्या पंपवाल्या बाटलीत येणारं क्लेन्झर. पिंपल्स पण येतात आणि स्किन पण नाजूक आहे असं कुठेही बोललात की चार जण जे सुचवतात ना, त्यातलंच एक.

माझं आधीचं रामायण थोडक्यात. कपाळ-नाक तेलकट, गाल कोरडे, हनुवटीवर कायम एखादी पिकलेली पुळी आणि तिच्यावरूनच रोजची दाढी. २ टक्के सॅलिसिलिकचं फेसवॉश मी दिवसातून तीनदा लावायचो. सॅलिसिलिक तेलात विरघळतं म्हणून छिद्रात शिरून काम करतं, त्याचा काही दोष नाही, पण तीनदा? धुतल्यावर गालावर बोट फिरवलं की कुईं असा आवाज आला पाहिजे, ही माझी स्वच्छतेची व्याख्या होती. मग ५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडचं वॉश आणलं. पिंपल्स खरंच बसायला लागले, पण नाकाच्या दोन्ही बाजूंना सालपटं निघाली आणि ताईच्या नव्या निळ्या टॉवेलवर नारिंगी डाग पडले, कारण हे बेंझॉइल कापडाचा रंग उडवतं. "ब्लीच सांडलंस का रे?" म्हणाली. मी म्हटलं, नाही, तोंड पुसलं. (तो टॉवेल तेव्हापासून माझा.)

तर या पार्श्वभूमीवर हे क्लेन्झर आलं आणि पहिले पंधरा दिवस मी त्याला नुसत्या शिव्या घातल्या. फेस नाही म्हणजे साफ काय होणार, वर धुवून झालं तरी बुळबुळीत वाटायचं. पण तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की दाढीनंतरची चरचर गेलीय. त्वचेचा पीएच ५ च्या आसपास, साध्या साबणाचा ९-१०, म्हणून साबणाने धुतल्यावर चेहरा ओढल्यासारखा होतो हे वाचलं होतं, ते खरं वाटायला मात्र स्वतःचे गाल लागले.

महिनाभराने हिशोब केला तर भगभग गेली होती, पिंपल्स मात्र जेवढे होते तेवढेच, उलट जबड्याच्या कडेने आणि कानाजवळ बारीक बारीक दाणे नवीन. चिडून बाटली घेऊनच स्किनच्या डॉक्टरांकडे गेलो. बाई बाटली बघून म्हणाल्या, "हे तोंडावर मिनिटभर राहतं आणि मग बेसिनमध्ये जातं, याच्याकडून पिंपल घालवायची अपेक्षा का करताय? याचं काम चेहरा न दुखावता मळ काढणं एवढंच." औषध वेगळं दिलं, रात्री लावायचं अडापलीन, आणि ८ ते १२ आठवडे फरक विचारायला यायचं नाही असं बजावलं. स्क्रब बंद, पाणी कोमट.

आता पंप. एवढ्या चांगल्या वस्तूला असा पंप लावणाऱ्याला माझा दंडवत. एकदा दाबला की बदाबदा. औषधाच्या बाटलीचं मापाचं टोपण घेऊन मोजलं, दहा वेळा दाबल्यावर १५ मिली, म्हणजे एकावेळी दीड मिली. बाटलीवर लिहिलंय दोन पंप, सकाळ-संध्याकाळ. म्हणजे रोजचे ६ मिली, म्हणजे ४१ दिवसांत बाटली खल्लास, आणि झालीच, बेचाळिसाव्या दिवशी मी दुसरी फोडली. अर्धा पंप दाबायला जावं तर थुंकल्यासारखी पिचकारी आरशावर. मी आरशावरून बोटाने पुसून गालाला लावलंय, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या बाटलीच्या तिसऱ्या आठवड्यात पंप खाली गेला तो वर आलाच नाही. कस्टमर केअरला लिहिलं. आधी म्हणे व्हिडिओ पाठवा. पाठवला. मग म्हणे उलट्या दिशेने फिरवून बघा. फिरवला. मग म्हणे गरम पाण्याखाली धरा. शेवटी उत्तर आलं की बाटली सीलबंद असेल तरच बदलून मिळते. अहो, सीलबंद बाटलीचा पंप खराब आहे हे मला स्वप्नात कळणार का? रागाने पंप उघडला, आत एक स्प्रिंग आणि छोटी गोळी असते, त्या गोळीभोवती वाळलेलं क्लेन्झर साचून ती घट्ट बसली होती. काढता काढता बेसिनमध्ये उडाली, गेली.

नवी बाटली घ्यायची नाही हा हट्ट, म्हणून मी पंपाची नळी बाहेर काढून तिला जेवढं चिकटलेलं येईल तेवढंच बोटावर घ्यायला लागलो. जेमतेम एक मिली. आणि रोज सकाळी नळी काढायचा कंटाळा, त्यामुळे सकाळी फक्त पाणी. काटकसर म्हणा किंवा आळस म्हणा. पाचेक आठवड्यांत जबड्यावरचे ते दाणे गायब! माझा अंदाज असा की आधी मी एवढं थापायचो की कडेचं नीट धुतलंच जात नव्हतं, दाढीच्या खुंटांत आणि कानापाशी राहायचं. आता घेतो कमी आणि कडेला पाणी मुद्दाम दोनदा मारतो.

अर्थात त्याच सुमारास अडापलीनचे पण दोन महिने झाले होते, त्यामुळे हनुवटीच्या पुळ्या गेल्या त्याचं श्रेय मी बाटलीला अजिबात देणार नाही. पण औषधाने साल निघत असताना चेहरा पेटला नाही, ते याच्यामुळे. मागच्या खेपेला नुसत्या वॉशने पेटला होता.

एक खरी उणीव आहे, वॉटर रेझिस्टंट सनस्क्रीन याने निघत नाही, पांढरा थर तसाच. त्या दिवशी आधी मायसेलर वॉटर (कापसावर घेऊन मेकअप-सनस्क्रीन पुसायचं पाणी), आणि ते लावून तसंच ठेवायचं नाही, धुवायचं. कापसाने घासायचं पण नाही, मी घासलं आणि दोन दिवस गाल लाल. आणि हो, तुम्ही दुसरं काही घेणार असाल तर अनसेंटेड लिहिलेलं बघून फसू नका, त्यात कधी कधी वास झाकायला वास घातलेला असतो, फ्रेग्रन्स फ्री असंच शोधा आणि मागची यादी पण वाचा.

ती दुसरी बाटली आत्ता संपतेय, तिसऱ्या आठवड्यात अर्धीच उरली होती, तेवढ्यात चार महिने काढले. क्लेन्झरला साडेचार स्टार, पंपाला शून्य. हेच ट्यूबमध्ये मिळत असेल तर कोणीतरी सांगा, पंपवालं मी परत घेणार नाही, आणि घेतलंच तर पहिल्याच दिवशी ती गोळी काढून ठेवीन. तक्रारीचं स्टेटस आज सकाळी परत बघितलं, अजून "प्रक्रियेत आहे" असंच दाखवतंय.