रक्ताचा माग काढायच्या टॉर्च: डब्यावरचं चित्र आणि रानातला पाचोळा

या टॉर्चच्या डब्यावर बहुधा एकच चित्र असतं: काळोखं रान आणि त्यात निऑनच्या पाटीसारखे झळकणारे रक्ताचे थेंब. प्रत्यक्षात कुठल्याही रंगाच्या प्रकाशात रक्त स्वतःहून चमकत नाही. चमकतं ते ल्युमिनॉल हे रसायन फवारल्यावर, आणि ती रासायनिक क्रिया आहे, टॉर्चचं त्यात काही कर्तृत्व नाही. टॉर्च फार तर एवढंच करते की आजूबाजूचा पाचोळा, गवत, शेवाळ यांचा रंग दाबून टाकते आणि रक्ताचा लाल वेगळा काढून दाखवते. बाण लागलेलं हरीण पळून जातं आणि सांडलेल्या रक्तावरून त्याचा माग काढावा लागतो. अमेरिका-कॅनडात धनुष्यबाणाने पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार करणाऱ्यांसाठी प्रायमॉसची ब्लडहंटर, गर्बरची कार्निव्होर अशा नावांनी या टॉर्च विकल्या गेल्या. खाली जे आहे ते एकेका मॉडेलचं परीक्षण नाही, या जातीच्या दिव्यांचं आहे. कारण मॉडेल बदलतात, आत काम करणारी युक्ती तीच राहते.

युक्ती समजून घेतली तर निम्मी खरेदी वाचते. रक्तातलं हिमोग्लोबिन ४१५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा जांभळा-निळा प्रकाश प्रचंड शोषतं, शिवाय ५४२ आणि ५७७ ला हिरवा-पिवळाही गिळतं. ६०० च्या पुढचा लाल मात्र परत फेकतं. हिरवं पान निळा आणि लाल शोषून हिरवा परतवतं. वाळलेलं पान सगळंच थोडंथोडं परतवतं, लाल जरा जास्त. आता टॉर्चमधून हिरवा काढून टाका आणि फक्त लाल व निळा सोडा. हिरवं गवत काळवंडतं, पाचोळा जांभळट दिसतो आणि ओलं रक्त त्या जांभळ्यावर शुद्ध लाल उठतं. लाल-निळ्या एलईडीच्या टॉर्चचं सगळं गुपित एवढंच. ओल्या, ताज्या रक्तावर, हिरव्या गवतात किंवा शेवाळावर ती खरंच काम करते, हे मान्य करायला हवं.

अडचणी मात्र डब्यावर छापत नाहीत. पहिली डोळ्यांची. माणसाच्या डोळ्याला लाल आणि निळा एकाच वेळी नीट फोकस करता येत नाही, दोन्हींचं केंद्र वेगवेगळ्या अंतरावर पडतं. त्यामुळे कडा अस्पष्ट दिसतात, खोलीचा अंदाज चुकतो आणि वीस-पंचवीस मिनिटांत डोकं धरतं. मुळांमधून, ओढ्याच्या काठाने चालताना हे धोक्याचं आहे. दुसरी अडचण शरद ऋतूची. शिकारीचा हंगाम आणि पानं लाल होण्याचा हंगाम एकच. मेपल आणि सुमॅकची लाल पानं, बुरशीचे लाल-तपकिरी ठिपके, फुटलेल्या बेरीचा रस, हे सगळं त्याच प्रकाशात रक्तासारखंच उठतं. हिरव्या रानात जी टॉर्च मदत करते तीच मेपलच्या रानात दर दोन पावलांना फसवते. तिसरी अडचण प्रकाशाच्या जोराची. काही टॉर्चमध्ये खास एलईडी नसतात, पांढऱ्या दिव्यापुढे नुसती रंगीत काच असते, आणि ती काच बराच उजेड खाऊन टाकते. उजेड एका मर्यादेखाली गेला की डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी थकतात आणि उरलेल्या पेशींना लाल दिसतच नाही. मंद खास प्रकाश हा मंद साध्या प्रकाशाहून वाईट, तो यामुळे.

हेडलॅम्पला लाल दिव्याची सोय असते, म्हणून तीच वापरून माग काढायचा मोह होतो. कधीच करू नये. निव्वळ लाल प्रकाशात रक्तही लाल परतवतं आणि सुकलेलं पानही, म्हणजे दोघं सारखेच दिसतात आणि थेंब डोळ्यांदेखत नाहीसा होतो. ती सोय मचाणावर चढता-उतरताना रात्रीची नजर टिकवायला आहे, तेवढीच ठेवावी.

हिरव्या टॉर्चबद्दल उलट ऐकायला मिळतं आणि ते बरोबर आहे. हिरव्या प्रकाशात रक्त काळं दिसतं, आणि फिकट पाचोळ्यावर काळा थेंब बऱ्यापैकी कळतो. ज्यांना लाल-हिरवा फरक जन्मतः कळत नाही (युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के) त्यांच्यासाठी हा एकमेव रंगीत दिवा विचारात घेण्याजोगा. त्यांना लाल-निळ्या टॉर्चचा फारसा उपयोग नाही, कारण ती रंगातल्या फरकावर चालते आणि यांना हवा असतो उजळ-काळोखाचा फरक. गडद, चिखलट जमिनीवर हिरवा दिवाही हात टेकतो.

यूव्ही (अतिनील) टॉर्च, मग ती ३६५ नॅनोमीटरची असो की ३९५ ची, या कामाला घेऊ नये. रक्त यूव्हीत चमकत नाही, काळं पडतं. चमकतात ती भलतीच मंडळी: दगडफूल, झाडाचा डिंक, कपड्यावरच्या साबणाचा अंश. हाडाचा तुकडा निळसर पांढरा दिसतो, तेवढाच एक फायदा.

आता ज्याची जाहिरात कुणी करत नाही तो दिवा: चांगला पांढरा. बाजारातल्या बहुतेक टॉर्च थंड निळसर पांढऱ्या असतात आणि त्यांच्या प्रकाशात लालचा वाटा फारच कमी. म्हणून रक्त त्यांच्या उजेडात तपकिरी, मातीसारखं दिसतं, आणि मग ‘साध्या टॉर्चने दिसत नाही, खास घ्या’ या जाहिरातीला बळ मिळतं. टॉर्चच्या माहितीपत्रकात सीआरआय नावाचा आकडा पाहावा (त्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात याचं माप), ९० च्या वर हवा. पण तो आकडा आठ फिक्या रंगांची सरासरी आहे, भडक लाल त्यात धरतच नाहीत. लालसाठी आर-९ हा वेगळा आकडा असतो. सीआरआय ८० च्या दिव्याचा आर-९ शून्याजवळही असू शकतो. आर-९ किमान ५० हवा, ८० असेल तर उत्तम, आणि प्रकाश ४००० ते ५००० केल्व्हिनचा (हे प्रकाशाच्या उबदार-थंड छटेचं माप). निचियाचा २१९बी हा एलईडी टॉर्चवाल्यांमध्ये याच गुणासाठी नावाजलेला आहे. अशा टॉर्चचे २०० ते ४०० ल्युमेन (उजेडाचं माप), रुंद पसरणाऱ्या झोतात, माग काढायला पुरतात. हजार ल्युमेनचा अरुंद झोत ओल्या पानांवरून डोळ्यात परत येतो आणि थेंबाचा रंग धुऊन काढतो.

जुने शिकारी अजून दोन मँटलची कोलमन गॅसबत्ती काढतात, मागच्या बाजूला ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळून, म्हणजे स्वतःचे डोळे दिपत नाहीत. यात भाबडेपणा नाही. मँटलचा प्रकाश अखंड आणि उबदार असतो, त्यात लाल भरपूर, आणि बत्ती हातात गुडघ्याजवळ लोंबत असल्याने उजेड खालून तिरका पडतो. तोटे उघड आहेत: जड, काच फुटते, फुसफुस आवाजात बाकी काही ऐकू येत नाही, आणि सुक्या पाचोळ्यात आडवी पडली तर हरणाऐवजी आग शोधावी लागते. चांगली सीआरआयवाली टॉर्च तेच काम खिशात करते.

एकच टॉर्च घ्यायची तर ही पांढरी घ्यावी. लाल-निळी दुसरी म्हणून, तीही हिरव्या झाडोऱ्याच्या भागात शिकार असेल तरच.

खास टॉर्चची गरज नेमकी केव्हा पडते, हाही हिशेब करून पाहावा. दोन्ही फुप्फुसांतून बाण गेला तर फेसाळ गुलाबी-लाल रक्त भरपूर पडतं, हरीण बहुधा शे-दीडशे यार्डांत कोसळतं, अर्ध्या तासाने साध्या टॉर्चनेही सापडतं. बाण पोटात लागला असेल, म्हणजे बाणावर हिरवट-तपकिरी चारा आणि घाण वास असेल, तर आठ ते बारा तास थांबायचं असतं. लवकर गेलं तर हरीण बसल्या जागेवरून उठून कुठल्या कुठे जातं. आणि एवढ्या वेळात रक्त वाळतं, हिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन होतं, लाल जाऊन तपकिरी येतो आणि लाल-निळ्या टॉर्चचा आधारच निघून जातो. मधली जागा राहते ती यकृताची: गडद लाल रक्त, तीन-चार तासांची वाट. ती, आणि पाऊस येऊ घातलाय किंवा रात्र इतकी उबदार आहे की सकाळपर्यंत मांस टिकणार नाही, अशी प्रकरणं. एवढ्यासाठी ही टॉर्च. रात्रीची घाई करायला उत्तेजन देते, हा तिचा सर्वांत मोठा दोष, आणि तो एलईडीत नाही.

विकत घेतल्यावर रानात नेण्याआधी घरामागे परीक्षा घ्यावी. खाटकाकडून ताजं रक्त आणून वाटाण्याएवढे, मोहरीएवढे आणि नुसते पुसट शिंतोडे असे तीन आकार सुक्या पानांवर, हिरव्या गवतावर, शेवाळावर आणि उघड्या मातीवर टाकावेत. लगेच, एका तासाने, चार तासांनी आणि दुसऱ्या रात्री पाहावं. मांसाच्या पाकिटातलं लालसर पाणी मात्र चालत नाही. ते रक्त नसतंच, त्यात मायोग्लोबिन हे स्नायूंमधलं प्रथिन असतं, ते गोठत नाही आणि वाळतंही वेगळं, त्यामुळे निकाल चुकतो. बहुतेक लाल-निळ्या टॉर्च पहिल्या तासाला पास होतात आणि मातीवर चार तासांनी नापास.

वापरण्याची पद्धत टॉर्चपेक्षा जास्त फरक पाडते. हेडलॅम्पचा प्रकाश डोळ्यांच्या रेषेतच जातो, त्यामुळे सावल्या दिसत नाहीत आणि जमीन सपाट भासते. टॉर्च हातात, गुडघ्याच्या उंचीवर, जमिनीशी तिरकी धरावी. ओला थेंब त्या कोनात लकाकतो, रंग कळण्याआधी लकाकी कळते. फक्त जमीन पाहू नये. हरणाच्या कुशीतून वाहणारं रक्त गवताच्या काड्यांना आणि झुडपांना गुडघा ते कंबर या उंचीवर पुसलं जातं, बऱ्याचदा पानाच्या खालच्या बाजूलाही. मागाच्या एका बाजूने चालावं, मागावरून कधीच नाही. दोघे असतील तर एकाने शेवटच्या खात्रीच्या थेंबापाशी उभं राहायचं, दुसऱ्याने पुढे शोधायचं. दर दहा-पंधरा पावलांना टॉयलेट पेपरचा तुकडा फांदीला लावावा. तो पावसात विरघळून जातो, आणि मागे वळून पाहिलं की पांढऱ्या तुकड्यांची रांग हरणाचा रोख दाखवते.

संशयित ठिपका दिसला की रंगीत टॉर्च बंद, पांढरी चालू, आणि ओला पांढरा कागद ठिपक्यावर दाबायचा. रक्त कागदावर लाल-तांबूस उतरतं, बुरशीचा डाग पानातच राहतो. तरी शंका असेल तर ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड फवारणीच्या छोट्या बाटलीत न्यावं. रक्तातल्या कॅटालेज या विकरामुळे पांढरा फेस येतो, वाळलेल्या रक्तावरही येतो, आणि रंगांधळ्यालाही दिसतो. पेरॉक्साइड उजेडाने निकामी होतं, म्हणून बाटली गडद रंगाची हवी आणि हंगामागणिक द्रावण नवं. ल्युमिनॉल याहून कितीतरी संवेदनशील आहे, पण कालवल्यावर थोडा वेळच टिकतं, बघायला पूर्ण काळोख लागतो, आणि काही वनस्पतींमधल्या पेरॉक्सिडेज या विकरानेही उजळतं.

बॅटरीबद्दल थोडक्यात. साधे अल्कलाइन सेल थंडीत लवकर मान टाकतात. लिथियम सेल किंवा १८६५० आकाराची रिचार्ज होणारी बॅटरी बरी, जादा जोडी आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवावी. जाहिरातीतले ल्युमेन पहिल्या दोन-तीन मिनिटांचे असतात, मग टॉर्च तापते आणि तिचा उजेड आपोआप उतरतो. मधल्या पातळीवर तीन तास चालते का, एवढंच बघावं. पाण्यासाठी आयपीएक्स-४ म्हणजे नुसते शिंतोडे, आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ओढा ओलांडायचा असेल तर दुसरं.

अमेरिकेत कायदा राज्यागणिक बदलतो. रात्री दिवा आणि हत्यार एकत्र बाळगणं पुष्कळ राज्यांत चोरट्या शिकारीचं लक्षण धरलं जातं, म्हणून माग काढायला जाताना हत्यार गाडीत ठेवावं की नाही, ठेवायचं तर कसं, हे त्या राज्याच्या नियमपुस्तिकेत आधीच वाचावं आणि निघण्यापूर्वी गेम वॉर्डनला (शिकारीच्या नियमांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला) फोन करावा. शेजारच्याच्या जमिनीत माग शिरला तर परवानगीशिवाय कुंपण ओलांडू नये, रक्त कितीही ताजं असो.

शेवटच्या थेंबापुढे वीस मिनिटं काहीच सापडलं नाही की टॉर्चचं काम संपलं. तिथून पुढे दोरीला बांधलेला, माग काढणारा कुत्रा, जिथे कायदा परवानगी देतो तिथे. न्यूयॉर्कमध्ये त्यासाठी कुत्रा चालवणाऱ्याला वेगळा परवाना लागतो. कुत्रा बोलवायचा विचार असेल तर त्याआधी चार जणांनी रान पिंजून काढू नये. बुटांना लागलेलं रक्त आणि वास सगळीकडे पसरतो, आणि कुत्रा हरणाऐवजी शोधणाऱ्यांच्याच मागे फिरत राहतो.