बेल्ट सैल होता, पैसे रॅकचे घेतले

स्टिअरिंग रॅक (स्टिअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणारा दांडा) १६,८००, मजुरी २,५००, तेल ६४०, अलाइनमेंट ४००. एकूण २०,३४० रुपये. त्यातले १२,००० फोनवरून पाठवले, बाकीचे रोख मोजून दिले. गाडीला खरं तर लागत होता स्टिअरिंगचा पंप फिरवणारा ३८० रुपयांचा बेल्ट.

आमची २०११ ची डिझेल गाडी. वेचणीच्या बाया शेतात सोडणं, वडिलांना डायलिसिसला यवतमाळला नेणं, सगळं तिच्यावरच. सकाळी चालू केली की वळवताना कुईं आवाज यायचा. जागेवर पूर्ण कट मारला की स्टिअरिंग जड, रेस दिली की हलकं. बायपासवरच्या गॅरेजवाल्यानं बॉनेटही उघडलं नाही. खाली वाकून म्हणाला, "रॅकच गेला जी भाऊ. आतलं सील फाटलं. घाटात लॉक होऊन जाईन." वडील मागच्या सीटवर बसतात. घाटाचं नाव काढल्यावर कोण पैशाकडे पाहील?

हे धडधडीत खोटं होतं. पंप बंद पडला तरी स्टिअरिंग जड होतं, चाकांशी असलेली जोड तुटत नाही. रॅकचं सील फाटलं तर तेल दोन्ही टोकांच्या रबरी बुटांत, म्हणजे आवरणांत, साचतं. त्यानं टॉर्च मारून मला दाखवलं तेव्हा बूट कोरडे ठणठणीत होते, वर काळ्या मातीची धूळ. ती धूळ मी डोळ्यांनी पाहिली. तिथंच त्याचा हात धरून "तेल कुठंय?" विचारायला हवं होतं! रोज आठवतं आणि अंगाची आग होते. पण चाळीस गाड्या उभ्या असलेला मिस्त्री खाली झोपून सांगतो, तेव्हा शेतकऱ्यानं उलटतपासणी करायची का?

जुना रॅक मागितला तर "एक्सचेंजमध्ये कंपनीला गेला" म्हणे. तुम्ही काम सुरू होण्याआधीच लिहून घ्या, जुना पार्ट परत हवा. आवाज तसाच राहिला. दुसऱ्या मिस्त्रीनं बेल्ट ताणून पाहिला, तो सैल पडून गुळगुळीत झालेला. मग रॅक पुसला. काळ्या रंगाखाली आमचीच जुनी दगडाची खूण निघाली. बोल्टांवरची माती पान्याने हललीसुद्धा नव्हती.

ठाण्यात गेलो तर "दिवाणी मामला, कोर्टात जा." परिवहन कार्यालयात "गॅरेज आमच्याकडे येत नाही." मग कोणाकडे येतं? पीयूसी संपली की रस्त्यात अडवायला माणसं मिळतात, आणि भरदिवसा वीस हजार लुटले तर अर्ज घ्यायलाही कोणी नाही. पोचसुद्धा दिली नाही! साहेब जेवायला गेलेत, उद्या या, पक्कं बिल आणा. पक्कं बिल तो देतच नाही, हीच तर तक्रार होती.

स्टिअरिंगचं तेल पाहताना फेस दिसला तर पंप हवा ओढतोय, आधी पाइप आणि क्लॅम्प बघा. टायरची हवा कमी असली तरी स्टिअरिंग जड होतं. पैसे फोनवरूनच द्या, नोंद राहते. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं.

मी तिथं अर्ज लावतोय. कच्ची चिठ्ठी, रंगवलेला रॅक, दुसऱ्या मिस्त्रीचं बिल, सगळं जपून ठेवलंय. आपल्या भागात आणखी कोणाला असा "नवा" रॅक बसवून दिला असेल, तर खाली हात घालून रंग खरवडून पाहा आणि मला सांगा. अर्ज मिळूनच देऊ.