नऊ महिने वापरून: सूट बरी, पण खरा फायदा तारखांचा

आरोग्य विम्याची पॉलिसी बदलताना मी एकच गोष्ट पाहिली होती. कायम घ्यायच्या जेनेरिक गोळ्यांना खिशातून काही द्यावं लागत नाही. बीपी, थायरॉइड, कोलेस्टेरॉल, माझ्या तिन्ही गोळ्या त्यात बसतात. पैसे वाचले, खोटं कशाला बोलू. पण गोळ्या चुकायच्या थांबल्या त्या त्यामुळे नाहीत.

आधी बीपीच्या गोळ्या ४ तारखेला संपायच्या, थायरॉइडच्या १३ला, कोलेस्टेरॉलच्या २२ला. महिन्याला तीन खेपा. एखादी लांबली की दोन-तीन दिवसांची फट ठरलेली. स्ट्रिपच्या मागे मार्करने तारीख लिहायचे, तर गोळ्या काढता काढता तारीखच फाटून जायची.

नव्या पॉलिसीत ९० दिवसांचं औषध एकदम मिळतं आणि सगळ्या तारखा एकत्र करून घेता येतात. त्यासाठी सुरुवातीला थायरॉइडच्या २१ आणि कोलेस्टेरॉलच्या १२ सुट्या गोळ्या घ्याव्या लागल्या, त्याही पॉलिसीतच बसल्या. आता तीन महिन्यांतून एक खेप, आणि साठा संपायच्या आधीच पुढचा घेता येतो. प्रवासाला निघताना लवकर हवा असेल तर एक फोन पुरतो. एवढ्यावर माझा विसराळूपणा 'बरा' झाला म्हणायचा! २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत हार्ट अटॅकनंतरची औषधं पूर्ण मोफत दिली होती, तरी नियमितपणा वाढला तो ४ ते ६ टक्के-अंकांनी. मला त्याचं आता नवल वाटत नाही.

९० दिवसांचा एक तोटाही आहे. बीपीच्या गोळीचा डोस मध्येच बदलला आणि दीड महिन्याच्या गोळ्या ड्रॉवरमध्ये पडून राहिल्या. त्या परत घेत नाहीत.

खरी तक्रार पूर्वपरवानगीची, म्हणजे काही औषधांसाठी विमा कंपनीची आधी मंजुरी घ्यावी लागते त्याची. कोलेस्टेरॉलच्या गोळीने पोटऱ्या दुखायला लागल्या म्हणून डॉक्टरांनी ती बंद करून दुसऱ्या प्रकारचं औषध लिहिलं. कंपनीचं म्हणणं, आधी यादीतली स्वस्त गोळी घेऊन बघा. ती जुन्याच गटातली! डॉक्टरांचं पत्र, जुने रिपोर्ट, मग 'कागद अपुरे', मग पुन्हा पत्र. अकरा दिवस गेले. बरं, ही गोळी बंद झाली तरी अंगाला काही कळत नाही; ना डोकं दुखतं, ना चक्कर येते. म्हणून तर माणूस 'राहू दे आता' म्हणून मोकळा होतो. आठव्या दिवशी मीही तिथवर आले होते. मंजुरी मिळाली ती एक वर्षापुरती. म्हणजे पुढच्या वर्षी हेच सगळं पुन्हा. तारीख आत्ताच कॅलेंडरमध्ये घालून ठेवली आहे, मुदतीच्या एक महिना आधीची.

आता गंमत ऐका. विमा कंपन्या नियमितपणा मोजतात तो किती दिवस औषध हाताशी होतं यावरून, आणि साधारण ८० टक्क्यांच्या पुढे गेलं की रुग्ण 'नियमित'. ९० पैकी ७२ दिवस भरले की झालं. माझे त्या तिमाहीत ७९ भरले. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये त्या अकरा दिवसांचा मागमूस नाही. कोलेस्टेरॉलसमोर हिरवा ठिपका आणि खाली 'अभिनंदन'.