क्रोकस लावू की डॅफोडिल?

न्यू जर्सीत नवं घर घेतलेल्या मामेबहिणीचा प्रश्न: अंगणात एकाच जातीचे कंद लावायचे, तर कुठले? क्रोकस नि डॅफोडिल, दोन्ही कंदापासून येणारी, वसंतात फुलणारी फुलझाडं. लावणी दोन्हींची ऑक्टोबर-नोव्हेंबरात, जमीन गोठायच्या आत.

आधी फुलतो क्रोकस, कधी तर बर्फातूनच डोकं काढतो. कंद स्वस्त, खड्डा जेमतेम 3 इंचांचा. पण फूल चिमुकलं आणि ढगाळ दिवशी मिटून बसणारं. (आणि नाही, यातून केशर निघत नाही. केशराचा क्रोकस वेगळा, तो शरदात फुलतो.)

खरी भानगड खारींची. क्रोकसचे कंद म्हणजे त्यांची मेजवानी. माझे 40 लावले, निम्मे उकरून नेले. डॅफोडिल विषारी, त्यामुळे खारी नि हरणं सहसा तोंड लावत नाहीत. कंद मात्र थेट कांद्यासारखा दिसतो, तेव्हा स्वयंपाकघरात आणूच नकोस!

डॅफोडिल महाग, 6 इंच खणावं लागतं. फुलं गेल्यावर पानं पिवळी पडेपर्यंत महिना-दीड महिना पसारा सोसायचा. आधीच कापलीस तर पुढच्या वर्षी फुलं रोडावतात. पण झुबका वर्षागणिक वाढतो.

हिरवळीत लवकर रंग हवा, थोडं नुकसान चालेल, तर क्रोकस. एकदा लावून विसरायचं असेल किंवा हरणं येत असतील, तर डॅफोडिल.