एमबीआर की एसबीआर? आधी गणपतीचं बघा

सोसायटीचा एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) वाढवायचाय आणि शेवटी दोनच कोटेशनं हातात उरलीत, एक एमबीआर (मेम्ब्रेन म्हणजे बारीक छिद्रांच्या पडद्यातून पाणी गाळणारा) नि एक एसबीआर (एकाच टाकीत टप्प्याटप्प्याने, बॅचने शुद्ध करणारा), असं असेल तर माझा अनुभव सांगतो, पटलं तर घ्या. आधी मी रत्नागिरीत एमबीआरवाल्या सोसायटीच्या कमिटीवर होतो. आता राहतो तिथे दुसऱ्या फेजला आम्ही एसबीआर घेतला.

पाणी कुणाचं चांगलं तर एमबीआरचं, वादच नाही. बाटलीत धरलं तर विहिरीचं वाटेल. जागाही कमी खातो, आणि जांभा फोडून टाकी खणायला काय पैसे जातात ते आपल्याला माहितीये.

पण गणपती! निम्मे फ्लॅट वर्षभर कुलपात आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी सगळे चाकरमानी एकदम हजर. डिझायनर माणशी १३५ लिटर पाणी, त्याच्या ८० टक्के सांडपाणी असा हिशोब मांडतो, तो कागदावर बरोबरच असतो, पण मोदक-वड्यांचं तेल नि नारळाचा चोथा त्यात कुठे असतो? एका वर्षी रत्नागिरीतल्या एमबीआरची मेम्ब्रेन चोक झाली. ऑपरेटरने मेम्ब्रेनचं मॉड्यूल वर ओढलं तर केस आणि नारळाची शेंडी मिळून सुंभासारखे पीळ बसलेले, आम्ही दोघं हातमोजे घालून तासभर ते सोडवत होतो. हायपोने (क्लोरीनच्या द्रावणाने) धुतली, सायट्रिक ॲसिडने धुतली, तरी पाणी ओढणाऱ्या पंपाच्या सक्शनचा काटा खाली येईना. कंपनीचा माणूस घाटात दरड आली म्हणून तिसऱ्या दिवशी उगवला, तोवर टाकी वाहू नये म्हणून टँकर. आरतीला लोक नाकाला रुमाल लावून उभे. खरं तर दोष मेम्ब्रेनच्या आधी बसवलेल्या बारीक जाळीचा होता, मेम्ब्रेनचा नाही, हे मान्य. पण ती जाळी रोज न चुकता घासणारा माणूस आणायचा कुठून?

एसबीआरमध्ये एकाच टाकीत भरा, हवा द्या, निवळू द्या, वरचं काढा. १९१४ साली मँचेस्टरला ॲक्टिव्हेटेड स्लजचे (जिवाणूंच्या गाळाने सांडपाणी शुद्ध करायचे) पहिले प्रयोग झाले तेही असेच बॅचने. गणपतीत सायकल छोटी करतो, बाकी वर्ष ब्लोअर कमी चालवतो, निवळत असताना लाईट गेली तरी गाळ आपला खाली बसतच राहतो. मात्र दोन टाक्यांचाच घ्या, म्हणजे एक निवळत असताना दुसरी भरता येते, आणि फ्लशला पाणी वापरायचं तर पुढे सँड फिल्टर नि क्लोरीन लागतंच, तो खर्च कोटेशनमध्ये आहे का बघा. आमचा डिकँटर (वरचं निवळलेलं पाणी काढणारा भाग) एकदा अडकला आणि गाळ थेट फिल्टरवर गेला, तेही सांगून ठेवतो.

प्लॉट अगदीच चिंचोळा असेल, माणसं बारमाही राहत असतील आणि ऑपरेटर पक्का असेल तर एमबीआर घ्या बापडे, मी नाही म्हणणार नाही.

आमच्याकडे परतीच्या पावसात विजेने पीएलसीचं (सायकल आपोआप चालवणाऱ्या कंट्रोलरचं) कार्ड उडवलं. नवीन यायला चार दिवस लागले, तेवढे दिवस ऑपरेटर मोबाईलला अलार्म लावून व्हॉल्व्ह हाताने उघडत-मिटत होता. वास आला नाही, टँकरही नाही, अर्ध्या लोकांना तर कळलंसुद्धा नाही.